मुलकी : गुडघाभर लाटांचे तीन दिवस

समुद्रापासून दोनशे पावलांवर वाढलेल्या मुलीला पाण्यात मात्र घोट्यापलीकडे जाऊ दिलं जात नाही, हे कोकणाबाहेरच्या माणसाला पटवून देणं अवघड जातं. मालवणजवळ आमचं घर. कुठल्या तिथीला पाणी किती चढेल, वारा कधी फिरेल, पाण्याचा रंग बदलला की कुठली मासळी येईल, हे सगळं जेवताना कानावर पडायचं. पाण्यात शिरायचं ते फक्त गणपती विसर्जनाला, तेही आजीचा हात धरून. आजीचा एक भाऊ होडीवरून परत आला नव्हता. ती त्याच्याबद्दल कधी बोलली नाही, पण हात घट्ट धरायची.

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी सर्फिंगच्या बोर्डवर पहिल्यांदा पालथी पडले आणि किनाऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी जिथे उभी राहून समुद्र बघत होते, ती जागा मला समुद्रातून दिसत होती. त्यानंतर दरवर्षी चार दिवस रजा काढून आम्ही सर्फिंगसाठी कर्नाटकातल्या मुलकीला जातो. यंदाची आमची तिसरी खेप. चौघंजण होतो : भूलतज्ज्ञ असलेली माझी मैत्रीण, जिला सगळे डॉक म्हणतात; डोंबिवलीच्या एका शाळेत गणित शिकवणारा आमचा मित्र मास्तर; माझी मामेबहीण धाकटी, वय वर्षं एकोणीस; आणि मी.

पहिला दिवस : नदी

मत्स्यगंधा एक्सप्रेसमध्ये दुपारी ठाण्याला चढलो आणि उजाडण्याच्या सुमारास मुलकीला उतरलो. स्टेशन लहान आहे. इतक्या लवकर बाहेर रिक्षा असेलच असं नाही, म्हणून राहण्याच्या ठिकाणी आधी कळवून ठेवलेलं बरं. मंगळूरपासून उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, उडुपीच्या वाटेवर, शांभवी नदीच्या काठी हे गाव आहे. नारळ, भाताची खाचरं, कौलारू घरं. गाडीतून उतरल्यावर पहिला वास येतो तो ओल्या मातीचा, समुद्राचा नाही.

ज्या घरी उतरलो तिथल्या बाई गौड सारस्वत. सगळे त्यांना पाच्ची म्हणतात, म्हणून आम्हीही पाच्ची म्हणू लागलो. त्यांची कोकणी आणि माझी मालवणी या दोघी लांबच्या बहिणी आहेत. लग्नात भेटल्यावर चेहरा ओळखीचा वाटावा पण नाव आठवू नये, तसं होतं. पाच्चींनी दारातच विचारलं, "जेवण जाल्लें वे?" सकाळी सात वाजता! रात्रीचं जेवण गाडीत नीट झालं का, असं त्यांना विचारायचं होतं. नाही म्हटल्यावर दहा मिनिटांत खोट्टे पुढ्यात आले. फणसाची पानं काड्यांनी टोचून द्रोण करायचे, त्यात इडलीचं पीठ ओतून उकडायचं. पानाचा वास पिठात उतरलेला असतो. सोबत हिंगाचा घमघमाट सुटलेलं दाळीतोय. डॉकने चार खाल्ले आणि पाचवा मागितला.

सर्फिंगसाठी मुलकीच का, असं बरेच जण विचारतात. गोव्यातही शिकता येतं, तमिळनाडूत कोवळम आणि महाबलीपुरमला येतं, केरळात वर्कलाला येतं. मुलकीचं वेगळेपण असं की भारतातला पहिला सर्फ क्लब इथे सुरू झाला. जॅक हेबनर हे मूळ अमेरिकी संन्यासी, लोक त्यांना सर्फिंग स्वामी म्हणायचे. त्यांनी २००४ साली इथल्या आश्रमात मंत्र सर्फ क्लब सुरू केला. पुढे गावातली मुलं शिकली, त्यांनी दुसऱ्यांना शिकवलं. २०१६ च्या मे महिन्यात शेजारच्या ससिहित्लूच्या किनाऱ्यावर इंडियन ओपन ही राष्ट्रीय स्पर्धा झाली. आज तुम्हाला शिकवणारा मुलगा बहुतेक वेळा याच किनाऱ्यावरच्या मोगवीर कोळ्यांच्या घरातला असतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या मुलांनी समुद्र सोडून मुंबई गाठली.

आमचा प्रशिक्षक तसाच. वय पंचविशीचं, वडील आणि काका मासेमारीत. मला आणि डॉकला 'अक्का' म्हणतो, मास्तरला 'सर'. आमच्याशी हिंदीत बोलतो, आपसात तुळूत. दहाच्या सुमारास त्याने आम्हाला किनाऱ्यावर नेलं, पाणी दाखवलं आणि परत फिरवलं. वारा समुद्राकडून सुटला होता. शाळेत आपण सगळे खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते तेव्हा समुद्राकडून येतात ते खारे, रात्री जमीन निवते तेव्हा जमिनीकडून जातात ते मतलई. सर्फिंगमध्ये हा धडा रोज कामाला येतो. मतलई वारा लाटेच्या तोंडावर येतो, तिला सावरून धरतो, तिचा पृष्ठभाग काचेसारखा ठेवतो. खारा वारा मागून ढकलतो आणि लाट अवेळी विस्कटते. म्हणून इथे जे काही करायचं ते उजाडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत.

दुपारी नदीत गेलो. रुंद बोर्डवर उभं राहून लांब वल्ह्याने पुढे जायचं. समतोल साधायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. शांभवीच्या काठाने खारफुटी आहे. तिच्या सावलीत कमरेएवढ्या पाण्यात बायका पायाने चिखल चाचपत शिंपल्या काढत होत्या. इथे त्यांना मारवाय म्हणतात. आमच्याकडच्या तिसऱ्यांशी नातं अगदी जवळचं. धाकटीने विचारलं तेव्हा एका आजींनी पाटी वर उचलून दाखवली आणि तुळूत काहीतरी म्हणाल्या. प्रशिक्षकाने अर्थ सांगितला : "म्हणतायत, उभी कशाला राहतेस, खाली उतर आणि वेच." धाकटी उतरली. अर्ध्या तासात तिने ओंजळभर वेचल्या, त्या आजींच्याच पाटीत टाकल्या.

रात्री मास्तरने फोनवर दुसऱ्या दिवसाचा अंदाज उघडला आणि फोन उलटा ठेवला. लाटेची उंची ०.४ मीटर, दोन लाटांमधलं अंतर सहा सेकंद.

दुसरा दिवस : सकाळ

पावणेसहाला उठलो. अंधार होता, नारळाची झावळी हलत नव्हती. होडीत बोर्ड आडवे रचले आणि नदीतून मुखाकडे निघालो. ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या एकमेकींना भेटतात आणि मिळून समुद्रात जातात. एरवी त्या मुखाशी पोचायच्या आधी लाटांचा आवाज येतो. गेल्या वर्षी तो ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला होता. या वेळी होडीचं इंजिन बंद केलं तेव्हा दूरवरच्या देवळातली घंटा ऐकू आली.

समुद्र सपाट होता. अगदी तळ्यासारखा नाही, पण लाट दिसायला नजर रोखून बघावं लागत होतं. वाळूवर येऊन ती घोट्याएवढी फुटत होती. मास्तर वर्षभर दर शनिवारी तलावात पोहायला जातो, ते या चार दिवसांसाठी. तो बोर्ड खाली ठेवून बसला आणि काही बोलला नाही. मलाही वाईट वाटत होतं. आम्ही नोकरी करणारी माणसं. एकेक रजा मोजून साठवतो, आणि समुद्राला ते माहीत नसतं.

प्रशिक्षक पाचेक मिनिटं नुसता पाण्याकडे बघत उभा होता. मग त्याने आमचे सात-सात फुटी बोर्ड परत होडीत ठेवले आणि साडेनऊ फुटांचे, मऊ फोमचे, जाड बोर्ड काढले. "आज लंबा बोर्ड, अक्का. और आज जल्दी नहीं."

लांब बोर्ड जास्त पाणी अंगावर घेतो, त्यामुळे कमी ताकदीची लाटही त्याला उचलते. एवढंच त्यामागचं तत्त्व. पण मग बाकी सगळं बदलतं. मोठ्या लाटेत ती तुम्हाला ढकलते. छोट्या लाटेला तुम्हीच जाऊन गाठायचं असतं. ती येण्याच्या किती तरी आधी हात मारायला लागायचं, छाती बोर्डवर थोडी पुढे सरकवायची, हनुवटी खाली. जरा मागे राहिलात तर ती तुमच्या खालून निघून जाते आणि तुम्ही जागच्या जागी.

पहिला पाऊण तास माझ्या खालून सगळ्या निघून गेल्या.

मग मी हात मारणं थांबवलं आणि बोर्डवर नुसती बसले. पाय पाण्यात, पाणी हवेपेक्षा उबदार. पाठीमागून, किनाऱ्याकडून, मतलई वाऱ्याचा गार स्पर्श मानेला होत होता. पूर्वेला नारळाच्या रांगेमागे घाटाची निळी रेघ उमटू लागली. त्या रांगेतच कुठेतरी कुद्रेमुख आहे. कन्नडमध्ये कुदुरे म्हणजे घोडा. समुद्रावरून येणाऱ्या खलाशांना त्या डोंगराचा आकार घोड्याच्या तोंडासारखा दिसायचा म्हणून ते नाव. जमिनीला समुद्रावरून बघून दिलेलं नाव! हे वाचलेलं होतं, पण तिथे, पाण्यात बसून, डोंगराकडे बघताना ते मला पहिल्यांदा समजलं.

सूर्य वर आला तसं पाण्यावर तिरपं ऊन पडलं आणि मला वाळूचा बांध दिसला. म्हणजे बांध दिसला नाही, त्याच्यावरून जाताना पाणी काय करतं ते दिसलं. नदी आपली वाळू मुखाशी आणून टाकते. ती दर पावसाळ्यात जागा बदलते. मोठ्या लाटांच्या दिवशी सगळीकडेच फेस असतो, त्यामुळे कुठे उथळ, कुठे खोल ते कळत नाही. त्या सकाळी समुद्र इतका हळू बोलत होता की एकेक शब्द वेगळा ऐकू येत होता. माझ्या उजवीकडे तीसेक हातांवर एका जागी पाणी दर वेळी किंचित उभं राहायचं, काळपट व्हायचं आणि तिथूनच पांढरी किनार सुटायची. बाकी कुठेच नाही. मी प्रशिक्षकाकडे पाहिलं. तो आधीपासून तिथेच बसला होता.

तिथे सरकले. बसून राहिले. लाटा अशा एकसारख्या येत नाहीत, तीन-चारांच्या घोळक्याने येतात आणि मधे बराच वेळ काही नाही. त्याला सेट म्हणतात. त्या दिवशी दोन सेटच्या मधे दहा-बारा मिनिटं जात होती. बाबांनी मला लहानपणी हेच सांगितलं होतं, वेगळ्या शब्दांत : होडी पाण्यात ढकलायची ती तीन मोठ्या लाटा मोजून झाल्यावर.

माझी लाट आली ती गुडघ्याएवढी होती. मी बऱ्याच आधी वळले, आठ-दहा हात मारले, बोर्डचं शेपूट उचललं गेल्याचं पोटाला कळलं आणि मी उभी राहिले. घाईने नाही. लाट इतकी सावकाश होती की उठताना मला माझा मागचा पाय कुठे पडतो ते पाहता आलं. ती साल निघावी तशी डावीकडे फुटत गेली, मी तिच्याबरोबर. बोर्डचा आवाज येत होता, कागदावरून बोट फिरवल्यासारखा. दहा-पंधरा सेकंद असतील. मोठ्या लाटेवर मी आजवर जे काही केलं ते भीतीच्या भरात केलं, नंतर त्यातलं काही आठवत नाही. ही लाट मला पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवते.

साडेआठपर्यंत मला तशा पाच मिळाल्या. धाकटीला वीसेक तरी. ती हलकी आहे आणि तिला वाट बघण्याचा कंटाळा येत नाही. शेवटी शेवटी ती बोर्डवर एका पायापुढे दुसरा पाय टाकत चालण्याचा सराव करत होती. ही गोष्ट अशाच सकाळी जमते.

डॉकला मात्र मार बसला. शेवटी उतरताना तिने सवयीने सूर मारल्यासारखी उडी घेतली आणि तळहात, कोपर वाळूवर घासले. खरचटण्यावर निभावलं. पण ती किनाऱ्यावर बसून जे म्हणाली ते इथे मुद्दाम लिहिते, कारण नवख्यांना हे कोणी सांगत नाही : छोटी लाट म्हणजे उथळ पाणी. लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते. म्हणजे अर्ध्या मीटरची लाट फुटते तिथे पाणी जेमतेम मांडीपर्यंत. मान आणि मणक्याच्या दुखापती अशाच ठिकाणी होतात. पडायचं तर आडवं, पसरून, पाठीवर पडायचं. डोकं कधीही पुढे नाही. वर येताना दोन्ही हातांनी डोकं झाकायचं, कारण बोर्ड दोरीने पायाला बांधलेला असतो आणि तो परत येतो.

मास्तर साडेसातलाच बाहेर येऊन बसला होता. त्याला एकही लाट मिळाली नव्हती. मी जवळ गेले तर तो काडीने वाळूवर आकडे मांडत होता. खोल पाण्यात लाटेची लांबी म्हणजे दोन लाटांमधल्या सेकंदांचा वर्ग गुणिले १.५६ मीटर. सहा सेकंदांची लाट छप्पन मीटर लांब. चौदा सेकंदांची तीनशे मीटरहून जास्त. लांबीच्या निम्मी खोली उरली की लाटेला तळ लागतो. म्हणजे आजच्या लाटेला तळ लागतो तो अठ्ठावीस मीटर खोलीवर, अगदी दाराशी आल्यावर, आणि चौदा सेकंदांच्या लाटेला दीडशे मीटर खोलीवरच. "तिला लांबूनच कळतं की जमीन येतेय," तो म्हणाला, "म्हणून ती तयारीने उभी राहते." त्या मोठ्या लाटा हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेच्या महासागरातल्या वादळांत जन्मतात आणि दिवसचे दिवस प्रवास करून आपल्याकडे पोचतात. जानेवारीत त्या कमी. एप्रिल-मेमध्ये त्या कधी कधी इतक्या अवचित येतात की वारा नसताना किनाऱ्यावर पाणी चढतं. केरळात त्याला कळ्ळक्कडल म्हणतात, चोरासारखा आलेला समुद्र. मास्तरचा चेहरा आकडे मांडता मांडता उजळला होता. वर्गात मुलांना हाच माणूस दिसत असेल, असं वाटलं.

तेवढ्यात दक्षिणेकडून हाका आल्या. तीस-चाळीस माणसं दोन रांगांत वाळूवर उभी होती. मला काही विचारावं लागलं नाही. रापण!

इथे तिला कैरंपणी म्हणतात. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ करून जाळं टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडून माणसांनी ओढायचं. समुद्र उसळलेला असेल तर रापण टाकता येत नाही. आमच्यासाठी वाया गेलेली सकाळ त्यांच्यासाठी सुगीची होती. आमचा प्रशिक्षक बोर्ड वाळूवर टाकून केव्हाच धावला होता, त्याचे काका त्या रांगेत होते. दोराच्या शेवटी जागा होती. मी विचारलं, "येऊ का?" एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नुसता दोर माझ्याकडे केला.

दोर कमरेवर टेकवायचा, अंग मागे टाकायचं, पावलं मागे मागे. रांगेच्या मागच्या टोकाला पोचलात की दोर सोडून पुढे पाण्यापाशी जायचं आणि पुन्हा धरायचा. कोणीतरी हाक देतं, त्या हाकेवर सगळे एकदम. लहानपणी मी हे शेकडो वेळा पाहिलं. आमच्याकडे मुलींना दोर धरू द्यायचे नाहीत असं नाही, पण मी कधी धरला नव्हता. चौघंही ओढत होतो. मास्तरच्या अंगात त्या क्षणी कुठलीशी ताकद आली होती, तो सगळ्यांत पुढे.

पाऊण तासाने जाळ्याचा पोट असलेला भाग वाळूवर आला. वरून घिरट्या घालणाऱ्या ब्राह्मणी घारी आधीच खाली उतरल्या होत्या. तारली होती, इथे तिला बूताई म्हणतात. थोडे बांगडे, मांदेली, खेकडे. भरपूर नव्हतं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी प्रशिक्षकाकरवी सांगितलं की त्यांच्या तरुणपणी इथल्या रंपणी कितीतरी मोठ्या असायच्या, एकेका जाळ्यावर गावच्या गाव ओढायला लागायचा. १९७० च्या दशकात यांत्रिक पर्ससीन जाळी आली. ती बांगड्याचा थवा खोल पाण्यातच घेरून उचलू लागली आणि मोठ्या रंपणी बघता बघता बसल्या. हीच गोष्ट मी बाबांच्या तोंडून ऐकली आहे, गावाचं नाव फक्त वेगळं. सिंधुदुर्गातला रापणकर आणि मुलकीचा मोगवीर एकमेकांना कधी भेटले नसतील, पण दोघांच्या ताटातला घास एकाच यंत्राने उचलला. किनाऱ्याची मासळी किनाऱ्याने ओढायची, यात मला अजूनही न्याय दिसतो.

निघताना त्यांनी केळीच्या पानात सहा बांगडे गुंडाळून दिले. पैसे पुढे केले तर रागावले. ओढणाऱ्याचा वाटा असतो. आमच्याकडेही असतो.

दुपारी पाच्चींनी त्या बांगड्यांचं पुळीमुंची केलं, चिंच आणि ब्याडगी मिरचीचं दाट, तांबडं कालवण. सोबत उकड्या तांदळाचा भात. कोणी फारसं बोललं नाही. जेवून सगळे झोपलो ते चारला उठलो.

संध्याकाळी बप्पनाडूच्या दुर्गापरमेश्वरीला गेलो. शांभवीच्या काठीच आहे. बप्पा ब्यारी नावाच्या मुस्लिम व्यापाऱ्याची नौका इथे नदीत अडली, देवीने त्याला दृष्टांत दिला आणि त्याने देऊळ उभारायला मदत केली, अशी आख्यायिका आहे. गावाच्या नावात आजही त्याचं नाव आहे. देवळातला मोठा डोलू, म्हणजे ढोल, या भागात प्रसिद्ध आहे. आम्ही गेलो तेव्हा तो वाजत नव्हता, नुसता टांगलेला होता, आणि एक लहान मुलगी त्याच्याखाली उभी राहून वर बघत होती.

तिसरा दिवस

वारा तोच, पाणी किंचित चढलेलं. लाट मांडीपर्यंत. दीड तास होतो, मास्तर दोनदा उभा राहिला आणि दुसऱ्यांदा बाहेर येऊन त्याने वाळूवर लोळण घेतली. त्याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. बस स्टँडजवळ बन्स खाल्ले. केळं कुस्करून मळलेल्या मैद्याच्या त्या गोडसर, टम्म पुऱ्या सकाळी नऊच्या आत मिळाल्या तर गरम मिळतात.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. पहिल्यांदा शिकणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, लाटा लहान आणि सौम्य असतात. येत असेल आणि मोठ्या लाटा हव्या असतील तर पावसाळा ओसरल्यावर किंवा मेमध्ये जा. पावसाळ्यात जाऊ नका. पोहता येत नसेल तर आधी ते शिका, प्रशिक्षक कितीही चांगला असला तरी. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राच्या स्थितीचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. ते बघा, आणि उंचीपेक्षा सेकंदांकडे जास्त लक्ष द्या. नदीच्या मुखाशी ओहोटीला अजिबात उतरू नका, नदी आणि समुद्र दोघं मिळून बाहेर ओढतात. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात : अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती. मुलकीला पाणी त्याच्या थोडं आधी चढतं. आणि चढतंही कमी. मुंबईला उधाणाच्या दिवशी चार-पाच मीटरचा फरक पडतो, इथे दीडच्या आसपास. पूर्ण बाह्यांचा तंग टीशर्ट घाला, नाहीतर बोर्डवर घासून काखा आणि पोट सोलवटतं. त्यावर पाच्चींचा उपाय खोबरेल तेल, आणि तो लागू पडतो. पण तेल रात्री लावा, सकाळी लावलंत तर बोर्डवरून घसराल.

दुपारच्या गाडीने निघालो. पाच्चींनी डबा दिला, त्यात खोट्टे, पानासकट. उडुपी गेल्यावर मी घरी फोन लावला. बाबा ओटीवर बसले असणार, मागे कावळे ओरडत होते.

"काय गो, लाटा होत्यो काय?"

नव्हत्या म्हटलं. समुद्र अगदी सपाट होता.

बाबा क्षणभर थांबले. "मगे रापण लागली असतली."